आपण राहतो वावरात, ट्रेनर राहतो नागपूरच्या लेआउटमध्ये: कुत्र्यासाठी चांगला ट्रेनर कसा शोधायचा

आमचा संत्र्याचा बगीचा काटोल साइडला आहे. आंबिया बहाराची तोड सुरू झाली की वावरात रोज पंधरा-वीस अनोळखी माणसं येतात, व्यापाऱ्याचे तोडणारे, कॅरेट उचलणारे, गाडीवाले, अन् यातल्या एकालाही आमचा कुत्रा भुऱ्या ओळखत नाही. दोन वर्षाआधी ऐन तोडीत त्यानं दोर तोडला अन् एका तोडणाऱ्या पोराच्या पोटरीला दात लावले. मोटर सुरूच होती, पाइप ओढला अन् साबण लावून पंधरा मिनिट वाहत्या पाण्याखाली जखम धुतली, हळद-चुना-मिरची कोणाला काही लावू दिलं नाही, सरळ सरकारी दवाखान्यात नेलं. रेबीजच्या सुया ०, ३, ७ अन् २८ व्या दिवशी होत्या, एकही तारीख चुकू नये म्हणून दर वेळी मीच त्या पोराला गाडीवर बसवून घेऊन गेलो. भुऱ्याची लस झालेली होती, तरी दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवलं. पोरगा ठणठणीत आहे, यंदाही तोडीला आला होता. पण त्याची माय दवाखान्याच्या बाकावर बसून माझ्याकडे जशी पाहत होती ते काही मी विसरलो नाही, अन् तिथंच ठरवलं का कुत्रा ठेवायचा तर त्याला शिकवायचं, नाही तर ठेवायचाच नाही.

मंग ट्रेनर शोधायला निघालो. गावात तर कोणी नाहीच, तालुक्यालाही मला कोणी सापडला नाही, जे मिळाले ते सगळे नागपूरच्या बाहेरच्या भागात, बेसा, मनीषनगर, वाडी, दाभा, दिघोरी, जिथं शेताचे लेआउट पडले, फ्लॅट उभे राहिले अन् बिल्डिंगमध्ये घराघरात लॅब्रॅडोर अन् शिह त्झू आले. तिथं ट्रेनर भरपूर आहेत, इतके की कोणाला फोन लावायचा हेच कळत नाही. मी दोन ट्रेनर केले. पहिल्यानं कुत्रा बिघडवून परत दिला. दुसऱ्या ताईंनी त्याला हळूहळू वळणावर आणला अन् त्याच्यासोबत आम्हा घरच्या सगळ्यांना शिकवलं. या दोघांच्या मधात जे जे कळलं ते इथं लिहून राहिलो, कारण आमच्याकडच्या दोन-तीन कास्तकारांनी मला हेच विचारलं अन् प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं.

सगळ्यात मोठी गोष्ट आधीच सांगून टाकतो. ज्याचं काम तुम्ही समोर उभं राहून पाहू शकता अन् जो दोर शेवटी तुमच्या हातात देतो, तोच ट्रेनर घ्यायचा. "कुत्रा ठेवून जा, महिन्याभरानं तयार करून देतो" असं म्हणणाऱ्याकडे कुत्रा सोडून येऊ नका. बाकी सगळं याच्या खाली येते.

पण ट्रेनरच्याही आधी डॉक्टर. अचानक गुरगुरायला लागलेला, अंगाला हात लावू न देणारा कुत्रा बरेचदा दुखण्यात असते, अन् आपण समजतो माजला. भुऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवायला गेलं की तो दात दाखवायचा. डॉक्टरनं त्याचं तोंड बांधून कानात बॅटरी मारली अन् मला म्हणाले, वाका, पाहा. आतून कान लालभडक, काळा ओला मळ, अन् वास असा की मी मागं सरकलो. उजवीकडून कोणी हात नेला की तेवढ्यासाठीच तो चिडत होता. कानाचं दुखणं, दात, सांधे, गोचिडांमुळं येणारा ताप, यातलं काही असेल तर जगातला कोणताही ट्रेनर काही करू शकत नाही, म्हणून आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. तिथं कुत्र्याचं जमलं नाही तर नागपूरला सेमिनरी हिल्सवर व्हेटरनरी कॉलेज आहे, १९५८ पासूनचं, त्यांच्याच दवाखान्यात बाहेरचे लोक जनावरं आणतात. अकोला-वाशीम-बुलडाण्याकडच्यांना अकोल्याची पशुवैद्यक संस्था जवळ पडते. दोन्ही माफसूच्याच, म्हणजे आपल्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या. अन् तिथं गेलेच आहात तर डॉक्टरला अन् शिकणाऱ्या पोरापोरींना हळूच विचारा का तुम्ही तुमचा कुत्रा कोणाकडे न्याल. मला ताईंचं नाव असंच मिळालं. डॉक्टरकडे बिघडलेले कुत्रेही येतात अन् मार खाल्लेलेही येतात, त्यामुळं कोणता ट्रेनर कसा आहे हे त्यांना चांगलं माहीत असते.

दुसरी जागा म्हणजे गुगल मॅप. रिव्ह्यू वाचा, पण पाच स्टार मोजू नका, मजकूर पाहा. "बेस्ट ट्रेनर, व्हेरी गुड" अशा दहा रिव्ह्यूपेक्षा "आमची कुत्री पाहुणे आले की पलंगाखाली लपायची, आता बाहेर येते" अशी एक ओळ जास्त कामाची. एक-दोन स्टार दिलेले तर नक्कीच वाचा अन् त्याला ट्रेनरनं उत्तर कसं दिलं तेही पाहा. इन्स्टाग्रामवर व्हिडिओ असतात, ते आवाज बंद करून पाहायचे. आवाज बंद केला की गाणं-बिणं जाते अन् फक्त कुत्रा दिसते. शेपटी पोटाखाली आहे का, कान मागं चिकटले का, जीभ सारखी नाकावर फिरून राहिली का, जांभया देऊन राहिला का, ट्रेनरनं हात वर केला की डोळे मिटते का. एका व्हिडिओत एक जर्मन शेफर्ड अर्धा तास एका जागी बसून होता अन् खाली शेकडो लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, पण तो कुत्रा भीतीनं गोठला होता, त्याला मी शांत बसणं म्हणत नाही. पेट शॉपवाल्याला विचारलं तर तो आपल्या ओळखीच्याच ट्रेनरचं नाव सांगते, मधात कमिशन असू शकते, म्हणून त्या नावाची दुसरीकडून खात्री करून घ्या.

आता साइडचा विचार. हे शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही पण आपल्यासाठी मोठं आहे. काटोल रोडनं आलो तर फेटरी, गोरेवाडा, दाभा हा भाग आधी लागते. मला कोणीतरी बेस्याचा ट्रेनर सांगितला, म्हणजे पूर्ण नागपूर ओलांडायचं, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये गावाहून नागपूरला पोचायला लागला त्याहून जास्त वेळ नागपूरच्या आत लागला, अन् तोपर्यंत कुत्रा गाडीत ओकून-ओकून थकला, त्याला काय शिकवणार. म्हणून आपण ज्या रोडनं शहरात शिरतो त्याच तोंडाचा ट्रेनर आधी पाहा. अमरावती रोडवाल्यांनी वाडीकडे, वर्धा रोडवाल्यांनी खापरी-बेसा-मनीषनगर, उमरेडवाल्यांनी दिघोरी, भंडाऱ्याकडच्यांनी पारडी, सावनेरवाल्यांनी कोराडी साइड. अन् वेळ सकाळची घ्या. कुत्र्याला घाम येत नाही, म्हणजे पंज्यातून थोडासाच, बाकी सगळी गर्मी तो हापूनच काढते. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये आठच्या नंतर रोडवर सेशन म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. डांबरावर हाताची उलटी बाजू ठेवून पाहा, पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पंजेही भाजतात. जो ट्रेनर मे महिन्यात दुपारी चारला ग्राउंडवर बोलावते, त्याला कुत्र्याची काळजी नाही असंच समजा. प्रवासाच्या आधी तीन-चार तास खायला देऊ नका, पाणी द्या, अन् रसवंतीवर थांबलं तरी काचा लावून त्याला गाडीत सोडू नका.

तीन-चार नावं जमली की फोन लावा. फी शेवटी विचारायची. पहिला प्रश्न असा विचारायचा, "कुत्र्यानं बरोबर केलं तर तुम्ही काय करता?" अन् लगेच दुसरा, "अन् चुकलं तर काय करता?" बस, या दोन प्रश्नात अर्धा माणूस कळते. चांगला ट्रेनर सरळ बोलते, बरोबर केलं तर खाऊ देतो, खेळू देतो, चुकलं तर अंतर वाढवतो, सोपं करून परत करून घेतो. दुसऱ्या प्रकारचा म्हणते, "ते तुम्ही माझ्यावर सोडा," किंवा "त्याला मालक कोण ते दाखवावं लागते." पुढं विचारा का चावणाऱ्या कुत्र्यासोबत काम केलं का, कारण बैठ-उठ शिकवणं वेगळं अन् माणसावर धावणारा कुत्रा वेगळा, दोन्ही सगळ्यांना जमत नाही अन् "मला हे जमत नाही, त्यांच्याकडे जा" असं सांगणारा माणूस मला तरी जास्त विश्वासाचा वाटते. लस विचारते का तेही पाहा. ज्याच्याकडे दहा कुत्रे येतात त्यानं रेबीज अन् पार्व्होच्या लसीचं कार्ड मागितलंच पाहिजे, पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने जिवंत राहते, अन् पिल्लू असेल तर त्या एका ग्राउंडवरून घरी मरण येऊ शकते. शेवटी गॅरंटी. "शंभर टक्के गॅरंटी, एकवीस दिवसात" म्हणाला की फोन ठेवा. कुत्र्याच्या वागण्याची गॅरंटी इमानदार माणूस देऊच शकत नाही, कुत्रा घरी गेल्यावर लोक त्याच्यासोबत कसे वागतील हे ट्रेनरला कुठून माहीत असणार.

मी पहिल्या वेळी यातलं एकही विचारलं नव्हतं. त्या माणसाचं बोलणं गोड होतं, भिंतीवर फोटो होते, कप होते, म्हणाला "भाऊ, तुम्ही वावर पाहा, कुत्रा मी पाहतो, तीस दिवसांनी न्यायला या, मधात यायचं नाही, नाही तर त्याचं लक्ष उडते." मला ते पटलं, कारण तोड सुरू होती अन् मलाही वेळ नव्हता. तीस दिवसांनी गेलो तर भुऱ्या खरंच त्या माणसाच्या एका बोटावर बसत होता, उठत होता, पायाला चिकटून चालत होता. पैसे दिले, घरी आणला. घरी आमच्या आईनं पोळी द्यायला हात वर केला अन् तो जमिनीला चिपकून मुतला. रात्री पट्टा काढला तर मानेभोवती केस गेलेले, गोल गोल खपल्या, आतून टोकं असलेला पट्टा लावला होता ते नंतर डॉक्टरनं सांगितलं. अन् ज्यासाठी पाठवला होता ते तर अजून वाढलं. आधी तो माणूस दिसला की गुरगुरायचा, म्हणजे सांगायचा तरी, आता गुरगुरणं बंद अन् सरळ झडप. गुरगुरलं की झटका बसत होता, म्हणून त्यानं सांगणंच सोडून दिलं. गुरगुर हा इशारा आहे, तो दाबून टाकला की कुत्रा बिनइशाऱ्याचा होते, अन् असा कुत्रा वावरात असणं म्हणजे झाकण नसलेली विहीर. त्या माणसाला मी फोन केला तर म्हणाला, तुम्ही घरी लाड करता म्हणून बिघडला.

हे "मालक कोण ते दाखवा" कुठून आलं तेही माहीत असलं पाहिजे, कारण तुम्हाला दहापैकी बरेच जण हेच ऐकवतील. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल नावाच्या अभ्यासकानं प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवर लिहिलं होतं का ते सतत वरचढ व्हायला भांडतात, त्यातून तो अल्फाचा, म्हणजे कळपावर दादागिरी करणाऱ्या म्होरक्याचा, विचार पसरला. नंतर डेव्हिड मीच (Mech) यांनी, ज्यांच्या लिखाणानं हा विचार आधी घरोघरी पोचला होता त्यांनीच, कॅनडाच्या उत्तरेत मोकळे लांडगे वर्षानुवर्ष पाहून १९९९ मध्ये लिहिलं का कळप म्हणजे साधं कुटुंब असते, मायबाप अन् त्यांची पिल्लं, वरचढ व्हायची लढाई तिथं नाही. अन् कुत्रा तर लांडगाही नाही, तो हजारो वर्ष आपल्या उकिरड्याजवळ राहिलेला प्राणी आहे. अमेरिकेतल्या प्राण्यांच्या वागण्यावर काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या संस्थेनं २०२१ मध्ये साफ सांगितलं का सगळ्या कुत्र्यांना, चावणाऱ्यांनाही, बक्षिसाच्या पद्धतीनंच शिकवावं, मार-झटक्याची गरज नाही. म्हणून ट्रेनरच्या तोंडी "अल्फा", "डॉमिनन्स", "दोन दिवस उपाशी ठेवा मंग ऐकते" असं आलं, किंवा शॉकचा पट्टा, टोकाचा पट्टा, फास बसणारी साखळी दिसली का उठून या.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर आपल्याकडे कुत्र्याचा ट्रेनर व्हायला सरकारी लायसन्स लागतच नाही. डॉक्टरला रजिस्ट्रेशन लागते, ट्रेनरला नाही, आज कोणीही बोर्ड लावू शकते. बाहेरच्या काही परीक्षा मात्र खऱ्या आहेत. सीपीडीटी-केए म्हणून एक आहे, २००१ पासून चालू, त्याला किमान ३०० तास शिकवण्याचा अनुभव दाखवून परीक्षा द्यावी लागते. केपीए म्हणजे कॅरेन प्रायर अकॅडमीचा कोर्सही चांगला. दोघांच्याही वेबसाइटवर नावाची यादी आहे, कोणी सांगितलं तर तिथं नाव टाकून पाहा. पण कागद नाही म्हणून चांगला माणूस सोडू नका अन् कागद आहे म्हणून डोळे मिटू नका. पोलीस किंवा मिलिटरीतून रिटायर झालेले हँडलरही असतात, मेरठला सेनेचं अन् ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला बीएसएफचं कुत्र्यांचं मोठं केंद्र आहे, तिथून शिकून आलेल्या माणसाचा कुत्र्यावरचा हात वेगळाच असते. फक्त त्यांचा कुत्रा कामाचा, एका हँडलरचा, आपला कुत्रा घरातल्या सहा माणसांचा. त्यांनाही तेच दोन प्रश्न विचारा.

आता पहिल्या भेटीचं. कुत्रा न नेता जा. "तुमचं दुसऱ्या कोणाचं सेशन चालू असताना मी बाजूला उभा राहून पाहू का?" असं विचारा. नाही म्हणाला तर कारण ऐका, एखाद्या घाबरट कुत्र्याजवळ अनोळखी माणूस नको असू शकते, पण मंग दुसरा दिवस द्यायला पाहिजे. कधीच नाही, असं असेल तर तुम्हीही नाही म्हणा. मी ताईंकडे गेलो ते दाभ्याकडे एका मोकळ्या प्लॉटवर, बाजूला बांधकाम चालू, मिक्सरचा आवाज, पोट्टे क्रिकेट खेळून राहिले, अन् त्यांनी त्या कुत्र्याला पोट्ट्यांपासून इतकं दूर उभं केलं होतं का मला वाटलं यांचं काम कधी होणार. तेच काम होतं. कुत्र्याला पोट्टे दिसत होते पण त्याचं अंग ढिलं होतं, दोरात झोळ होता. अर्ध्या तासात ते आठ-दहा पावलं पुढं गेले असतील, जास्त नाही. भर गर्दीत नेऊन "सवय होईल" म्हणून उभा करणारा ट्रेनर नको. लेआउटमधली गर्दी ही चांगली शाळा आहे, हॉर्न, स्कूटी, डिलिव्हरीवाले, सगळं मिळते, पण तिथं पहिल्या दिवशी शिरायचं नसते.

भुऱ्याचं काम कसं झालं ते सांगतो म्हणजे चांगलं काम ओळखू येईल. ताईंनी पहिल्या दिवशी त्याला हातही लावला नाही. उकडलेली कलेजी चण्याएवढी कापून आणायला सांगितली होती, ती डबी माझ्या कमरेला, दोर माझ्या हातात, अन् त्यांचा एक ओळखीचा पोरगा ग्राउंडच्या पार दुसऱ्या टोकाला. पोरगा झाडामागून बाहेर आला, भुऱ्याचे कान उभे झाले, ताई हळूच म्हणाल्या "द्या." मी एक तुकडा दिला. पोरगा आत गेला, कलेजी बंद. परत आला, कलेजी सुरू. भुऱ्यानं काही केलेलं नव्हतं, बसला नव्हता, ऐकलं नव्हतं, तरी खाऊ. मला समजेना. त्या म्हणाल्या, "भाऊ, आत्ता त्याला काही शिकवून नाही राहिलो, माणूस दिसला की चांगलं होते एवढंच त्याच्या पोटात उतरवून राहिलो." बाराव्या-पंधराव्या वेळी काय झालं, पोरगा दिसला अन् भुऱ्यानं त्याच्याकडे एकदा पाहून मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्या डबीकडे. ताई म्हणाल्या, "बस, आजचं झालं, घरी न्या." वीस मिनिटं झाली होती, मी पूर्ण तासाचे पैसे देणार होतो तर उरलेला वेळ त्यांनी माझ्यासोबत दोर कसा धरायचा यात घालवला, कारण माझी मूठ आवळलेली होती अन् ती आवळ दोरातून कुत्र्याच्या मानेपर्यंत जात होती.

अशा सात खेपा झाल्या, दोन महिन्यात, मधातले सगळे दिवस घरी आम्ही करायचं. शेवटच्या दोन वेळा ताई स्वतः बगीच्यात आल्या. हे नक्की मागा, येण्याजाण्याचे पैसे वेगळे पडले तरी मागा. शहराच्या प्लॉटवर शिकलेलं कुत्रा वावरात आपोआप लावून घेत नाही, तिथं कॅरेटचा ढीग आहे, मेटॅडोर आहे, डोक्यावर टोपलं घेतलेली बाई त्याला माणूसच वाटत नाही. आमच्याकडे तर टोपलं घेतलेल्या बाईचाच वेगळा सराव करावा लागला. ट्रेनर येऊ शकत नसेल तर व्हिडिओ कॉलवर वावरातून सेशन घ्या, रेंज येते अशी जागा आधीच पाहून ठेवा.

पैशाचं म्हणजे पॅकेज एकदम घेऊ नका. आधी एका सेशनचे द्या, मंग तीनचे. पूर्ण पैसे आगाऊ मागणारा अन् पावती न देणारा टाळा. मी पहिल्या माणसाला दिले त्याच्या निम्म्याहून कमीत ताईंचं काम झालं, अन् त्या निम्म्यात त्यांचं पेट्रोलही आलं.

पिल्लू असेल तर "सहा महिन्याचं झालं की पाठवू" हे डोक्यातून काढा. ३ ते १४ आठवडे हा त्याचा जग ओळखायचा काळ. त्या दिवसात त्याला टोपलेवाली बाई, ट्रॅक्टर, छत्री, काठी घेतलेला म्हातारा, लेकरं, सगळं दुरून अन् गोडीगुलाबीनं दाखवलं तर पुढं ट्रेनर लागेलच असं नाही. लसी पूर्ण व्हायच्या आधी मातीत सोडायचं नाही, कडेवर घेऊन फिरवायचं, बंडीवर बसवायचं. रेबीजची पहिली लस तीन महिन्याला, मंग दरवर्षी.

एक गोष्ट जी लेआउटमधल्या ट्रेनरला माहीत नसते, तुम्ही सांगावी लागते. आमच्या भागात बिबट्या आहे अन् रात्री बांधलेला कुत्रा त्याच्यासाठी वाढून ठेवलेलं ताट आहे. ट्रेनर म्हणू शकते का रात्री गेटवर बांधा, राखण करेल. नाही. रात्री कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, दार लावून. तसंच रोही (नीलगाय) अन् रानडुकरांवर सोडायला शिकवा असं कोणी ट्रेनरला सांगू नका अन् कोणी शिकवतो म्हणाला तर ऐकू नका, डुकराचा सुळा कुत्र्याचं पोट फाडते, अन् वन्यप्राण्याच्या मागं कुत्रा लावणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीतच मोजलं जाऊ शकते. भुंकून सांगणं एवढंच त्याचं काम ठेवा. अन् दिवसभर आखूड साखळीवर बांधलेल्या कुत्र्याला कोणताही ट्रेनर सुधरवू शकत नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आहे, त्याच्या कलम ११ मध्ये आखूड किंवा जड साखळीवर बेहिशेबी वेळ बांधणं, अन् कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं, हे वेगवेगळे गुन्हे म्हणून लिहिले आहेत. मारून शिकवणंही त्यातच येते, ट्रेनरनं मारलं तरी. आम्ही दोन झाडांच्या मधात तार ताणली अन् त्यावर कडी सरकती ठेवली, आता भुऱ्याला दिवसा चाळीस फूट सावली मिळते.

घरच्यांचंही ठरवून घ्या, नाही तर पैसे पाण्यात. आमच्याकडे मी "खाली" म्हणायचो, पोरगा "डाउन", आई "बस रे बाबा", अन् सालदार नुसती काठी दाखवायचा. ताईंनी चौघांना एका ओळीत उभं करून एकच शब्द ठरवून दिला, तो कोळशानं कोठ्याच्या दारावर लिहिला आहे, अजूनही आहे. सालदार आधी तयार नव्हता, म्हणे कुत्र्याला कोण कलेजी चारते, पण सगळ्यात जास्त वेळ भुऱ्याजवळ तोच असते म्हणून त्याला सोबत नागपूरला नेलं, अन् आज भुऱ्या सगळ्यात आधी त्याचंच ऐकते.

फोन उचलत नसतील तर मेसेज टाका, बरेच ट्रेनर सेशनमध्ये असतात. मी ताईंना जो टाकला होता तोच थोडा नीट करून देतो, तुमचं भरून घ्या:

"नमस्कार ताई, मी काटोल साइडहून. कुत्रा गावरान अन् लॅब मिक्स, नर, ४ वर्ष, नसबंदी नाही झाली. रेबीजची लस मार्चमध्ये झाली, कार्ड आहे. अनोळखी माणसं वावरात आली की अंगावर जाते, एकदा चावला आहे, जखम झाली होती. आधी एका ठिकाणी महिनाभर ठेवला होता, तिथून आल्यावर हात वर केला की घाबरते अन् गुरगुरत नाही. कानाचा इलाज झाला, डॉक्टरनं आता ठीक सांगितलं. घरी सहा माणसं, एक सालदार, दोन लहान पोरं. सकाळी साडेसहापर्यंत दाभ्याला पोचू शकतो. आधी कुत्रा न आणता तुमचं एक सेशन पाहायला येऊ का? अन् आमच्या सेशनमध्ये दोर मी धरला तर चालेल का?"